दोन ते चार बंद

त्या घराचा जिना चढताना मी रिमोटचा शोध लावणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. महिन्याभरात एकाच घरी, एकाच तक्रारीसाठी ही चौथी फेरी. सकाळी कागद हातात देतानाच साहेब म्हणाले होते, "आज हे मिटलं नाही, तर सोमवारपासून तुम्ही गोदामात." गोदामात म्हणजे दिवसभर खोकी उचला आणि खोकी ठेवा. माझी कंबर सत्तेचाळीस वर्षांची आहे. तिला ते झेपणार नाही, हे साहेबांनाही ठाऊक आहे.

तक्रार तशी किरकोळ. त्या घरातले काका दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या खोलीत भिंतीवर टीव्ही आहे, पण पलंग, चाकाची खुर्ची आणि औषधांचं टेबल आल्यावर बाकी कशाला जागा उरली नाही, म्हणून टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स पलीकडच्या खोलीतल्या कपाटात गेला. रिमोट काही भिंतीपलीकडे चालत नाही. त्यासाठी आम्ही टीव्हीखाली एक डोळा चिकटवतो. तो रिमोटचा इशारा पकडून तारेतून कपाटात पाठवतो. तारेच्या टोकाला वाटाण्याएवढा दिवा असतो, तो बॉक्सच्या तोंडावर चिकटवायचा, म्हणजे इशारा बॉक्सला दिसतो. बस, एवढंच. आणि हे एवढंच त्या घरात रोज दुपारी दोन वाजता बंद पडायचं. बॉक्स आपोआप बंद, रिमोट दाबून बोटं दुखली तरी लागायचा नाही. चारच्या सुमाराला आपला आपण सुरू.

घड्याळ लावल्यासारखी वस्तू बंद पडली की आमच्या धंद्यात पहिला संशय उन्हावर. पहिल्या फेरीत मी डोळ्याला काळ्या कागदाची टोपी घातली. दुसऱ्या फेरीत खोलीतला दिवा बदलला, कारण काही दिव्यांच्या उजेडाने डोळा बावचळतो. तिसऱ्या फेरीत तार, अडॅप्टर, सगळंच नवीन. कपाटातल्या दिव्याची गोंदपट्टी मात्र दर वेळी सुटायला आलेली असायची. मी नवी लावायची आणि स्वस्तातला माल देणाऱ्या कंपनीच्या नावाने बोटं मोडायची.

आधीच्या तिन्ही फेऱ्या सकाळच्या होत्या. आज मुद्दाम पावणेदोनला पोचले. काकूंनी दार उघडलं.

"या ताई. पुन्हा त्रास दिला तुम्हाला."

"त्रास कसला त्यात," मी म्हटलं. खोटंच होतं ते.

काकूंचा चेहरा महिन्याभरात आणखी ओढल्यासारखा झाला होता. रात्री दर दोन तासांनी काकांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, असं त्यांनीच मागे सांगितलं होतं. मदतीला कोणी नाही.

काका म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडण्यात तीस वर्षं काढलेला माणूस. मी पेचकस कसा धरते इथपासून त्यांचा अभ्यास सुरू व्हायचा.

"काय बाई, आज काय बदलणार? आता भिंतच राहिलीय."

मी हसले नाही. हसण्याइतकीही ताकद नव्हती. सगळं तपासलं, सगळं ठणठणीत. दोनला पाच कमी असताना काकूंनी काकांची कूस बदलली, त्यांना दोन घोट पाणी पाजलं आणि "मी जरा पलीकडे आवरते" म्हणून गेल्या. दोन वाजून दोन मिनिटांनी टीव्ही काळा झाला.

"झालं, पडलं बंद," काका मोठ्याने म्हणाले आणि रिमोट दाबत सुटले.

मी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, त्यात रिमोटचा एरवी न दिसणारा उजेड दिसतो. रिमोटच्या टोकाशी जांभळट उजेड लुकलुकत होता, म्हणजे रिमोट ठीक. डोळ्यातली बारीक बत्तीही दर बटणाला मिचकत होती, म्हणजे इशारा तारेत शिरत होता. दोष भिंतीपलीकडे होता. मी पलीकडच्या खोलीत गेले.

काकू कपाटाशेजारी सतरंजीवर झोपल्या होत्या. चष्मा डोळ्यांवर तसाच, तोंड अर्धवट उघडं. कपाटाचं दार किलकिलं होतं. बॉक्स बटण दाबून बंद केलेला, त्याच्या तोंडावरचा दिवा उचकटून बाजूला ठेवलेला आणि त्यावर औषधाच्या बाटलीचं काळं झाकण उपडं घातलेलं.

माझं डोकं सणकलं. तीन फेऱ्या, नवी तार, साहेबांची बोलणी, आणि या बाईने रोज स्वतःच्या हाताने गोंद सोडवायचा आणि वर कंपनीला फोन करायचा. मी त्यांना उठवायला वाकलेसुद्धा. त्या घोरत होत्या, अगदी हलकं. मला हात लावणं जिवावर आलं. तशीच मागे फिरले.

काकांनी रिमोट पोटावर ठेवला होता. हळू आवाजात म्हणाले, "झोपली का?"

मी खुर्चीवर बसलेच. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. बरोबर दोनला कुठली तार तुटते गं?"

"मग कुरकुर कशाला करता? स्वतःच बंद करा ना दोनला."

"केला होता आठवडाभर. तर मी कंटाळेन म्हणून ही येऊन बसायची या खुर्चीत. गप्पा मारायला. डोळे मिटत असायचे, तरी बोलत राहायची. टीव्ही मोडला की ती इकडे फिरकत नाही. शरम वाटते तिला. मग झोपते. मी तक्रार केली नाही, तर तिला कळेल की मला कळलंय. मग संपलंच."

"काका, तुमच्या या नाटकापायी मला सोमवारपासून गोदामात टाकणार आहेत. खोकी उचलायला."

त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात वर जाईना. मीच पुसले.

"मग खरं लिही तू," ते म्हणाले. "मी नाही अडवणार."

मी कागद काढला. दोनच चौकटी होत्या, दुरुस्त झालं आणि दुरुस्त झालं नाही, आणि खाली काकूंची सही लागणार होती. 'झालं' लिहायचं तर झाकण काढून दिवा चिकटवायचा आणि काकूंना सांगायचं, सापडलं. मी चार वाजेपर्यंत पेन हातात धरून बसले होते.

टीव्ही लागला. पाठोपाठ काकू आल्या, गालावर सतरंजीच्या रेघा.

"सापडलं का ताई?" त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"नाही काकू. ऊन असेल नाहीतर काहीतरी. याला इलाज नाही. आता फोन करू नका, कोणी आलं तरी जमणार नाही."

"चार वेळा आली," काका पलंगावरून ओरडले, "चार वेळा. एक तार धड जोडता येत नाही हिला. कोण नोकरीवर ठेवतं असल्यांना?"

त्यांचा आवाज मध्येच फाटला. काकूंना तो राग वाटला असावा.

"अहो, असं काय बोलता? तिची काय चूक?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला वरून काही ऐकावं नाही ना लागणार?"

"छे," मी म्हटलं आणि 'दुरुस्त झालं नाही' या चौकटीखाली बोट ठेवलं. "इथे सही करा."

काकूंनी सही केली. मी चपला घातल्या. सोमवारच्या आत कमरेचा पट्टा घ्यायला हवा होता.