आबांचा हेडफोन

"ऐकू येतंय का रं समद्यांना?" बबनराव, वस्तीचे आबा, ओरडूनच विचारायचे. हळू बोललेलं त्यांचं त्यांनाच कळत नसे.

कुरकुंभच्या कारखान्यात धडधडत्या ब्लोअरजवळ पाळ्या करता करता त्यांचे कान गेले होते. निवृत्तीनंतर दौंडला, बुद्धविहाराशेजारच्या, विहाराच्याच खोलीत ते वस्तीतल्या मुलांना इंग्रजी शिकवत. पुण्यात नोकरीला असलेल्या महेंद्रनं, त्यांच्या मुलानं, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञावली, लिहून दिली होती. धडा मुलांना स्पीकरवर बेताच्या आवाजात ऐकू यायचा, आबांना हेडफोनवर मोठ्यानं. तरी कमी पडला तर आबांनी एक बटण दाबायचं. तेवढा हेडफोनचाच आवाज वाढायचा.

त्या रविवारी आबांनी घाईत कॉम्प्युटर सुरू करण्याआधीच हेडफोन जोडला. धडा लागला, पण कानात नुसती कुजबुज. उरलंसुरलंही गेलं, असं वाटून त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मुलांनी कानात बोटं घातली, मागची काही हसायला लागली.

"आबा, लई मोठा झालाय!" नवनाथ ओरडला.

आबांना त्याचं उघडं तोंड दिसलं. "शाबास! आसंच म्हणायचं!" म्हणत त्यांनी बटण आणखी दाबलं.

विहार कमिटीचे मारुतराव धावत आले आणि त्यांनी कॉम्प्युटरची पिनच उपटली. मग आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "पलीकडं वारलेल्या सोजरबाईचं पुण्यानुमोदन चाललंय आन् हितं तुमचं गुड मॉर्निंग! भन्तेजींचा एक शब्द कुणाला कळला न्हाई. आवाजाचं दोनदा सांगितलं हुतं, आबा. खोलीची किल्ली द्या."

आबांनी किल्ली दिली. पोरं अजून हसतच होती.

पुढच्या आठवड्यात महेंद्र आला. कॉम्प्युटर घरी आणलेला होता.

"आबा, तुमच्या कानाला काय झालं न्हाई," तो कानाशी बोलला. "हेडफोन आधी लावला, म्हणून मशीननं त्यालाच पहिला नंबर दिला. मी स्क्रिप्टमध्ये पहिला स्पीकर, दुसरा हेडफोन असे नुसते नंबर लिहिले हुते. तुमचं बटण स्पीकरला लागत गेलं. मारुतमामांना सांगू का?"

"काय सांगशील? खोलीत आता मंडपाचं सामान भरलंय."

महेंद्रनं नंबर खोडून दोन्हींची नावं लिहिली आणि हेडफोन आबांच्या कानावर चढवला. धड्यातली बाई अगदी स्पष्ट बोलली. मग मुलांनी मागे म्हणावं म्हणून थांबली. त्या मधल्या वेळात मुलं काय म्हणतात, ते आबांना कधीच ऐकू आलं नव्हतं. ते ओठ बघायचे. आता समोर भिंत होती.

बाईनं पुढचं वाक्य घेतलं.