मास्तरांनी सांगितलेले आकडे

मित्रांनो, मी एक जुनं रोइंग मशीन आहे. जुनं म्हणजे भंगारातलं नव्हे हं! माझी साखळी अजून धड आहे, बैठक रुळावरून बिनतक्रार सरकते, फक्त पडद्याचा एक कोपरा पिवळा पडला आहे. पाण्याशिवाय वल्हवायचं यंत्र, अशी लोक माझी ओळख करून देतात आणि ऐकणारा हसतो. हसू द्या बापड्याला. माझ्यावर बसून आठ मिनिटं जीव काढला की तो हसत नाही. तो जमिनीवर आडवा पडून छताकडे बघत असतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईंनी माझ्या चाकाला पंख्याची पाती बसवली, दुसऱ्या कोणी साखळी ओवली, आणि शेवटी एका चष्मेवाल्या कारागिराने माझी मूठ धरून तीनदा ओढून पाहिलं. चाक घुमलं, पडद्यावर आकडा उमटला. त्याने मान डोलावली आणि मला लाकडी पेटीत बंद केलं. पेटी उघडली तेव्हा मी एका बोट क्लबच्या तळमजल्यावर होतो. बाहेर पन्नास पावलांवर तळं आहे म्हणतात. मी ते अजून पाहिलेलं नाही, कारण खिडकी माझ्या पाठीशी येते. कोणाला मला फिरवून ठेवायचं सुचलं नाही आणि मला सांगता आलं नाही.

माझं काम सोपं आहे. पाय पट्ट्यात अडकवायचे, मूठ धरायची आणि ओढायचं. जितका जोर लावाल तितका चाकाचा आवाज चढतो. या वेगाने पाचशे मीटर जायला किती वेळ लागेल, तो आकडा पडद्यावर दिसतो. आकडा लहान झाला की माणसाची मान ताठ होते. नव्या मुलांची तर गंमतच असते. आल्या आल्या चाकाजवळचा, ओढ हलकी-जड करणारा खटका दहावर नेतात, कारण दहा हा सगळ्यांत मोठा आकडा! दुसऱ्या मिनिटाला तोंडाला फेस येतो. मग आमच्या कोचबाई येतात, काही न बोलता खटका चारवर आणतात आणि निघून जातात. मी मात्र राजा असो वा रंक, जो असेल तोच आकडा दाखवतो. मला खोटं बोलता येत नाही, आणि याचा मला भारी अभिमान होता.

अशात एक दिवस ऑपरेटरताई आल्या. त्या एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. लहानपणीच्या तापात त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती. सोबत त्यांचे यजमान होते. ते शिंपी, त्यामुळे सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. त्यांच्या गळ्यात मोजपट्टी तशीच राहिली होती, दुकानातून थेट आले होते ना!

क्लबमध्ये चार बायकांची एक बोट होती आणि तिच्यातली चौथी जागा रिकामी झाली होती. माझ्यावर बसून दोन हजार मीटर साडेआठ मिनिटांच्या आत जी पार करेल, तिला ती जागा, असा कोचबाईंचा नियम होता, आणि या चाचणीचा दिवसही ठरलेला होता.

"मला दिसत नाही, चालेल का?" ऑपरेटरताईंनी सरळच विचारलं.

"वल्हवणारे सगळे पाठमोरेच बसतात, ताई," कोचबाई म्हणाल्या. "पुढचं तिथं कोणालाच दिसत नाही. सुकाणू धरणारी तेवढी बघते. मला फक्त साडेआठ मिनिटं पाहिजेत."

ताई इतक्या मोकळेपणी हसल्या की मास्तरही हसले. मग त्या मास्तरांना म्हणाल्या, "दिवसभर मी लोकांचे फोन जोडून देते आणि स्वतः खुर्चीत बसून असते. बाहेर पडले की कोणाचा तरी हात. एकदा तरी मला जोरात कुठंतरी जायचंय, कोणाचा हात न धरता."

आता त्यांना पडदा दिसणार नाही, म्हणून आकडे सांगायचं काम मास्तरांकडे आलं. ते दुपारी दुकानाला कुलूप लावायचे, ताईंना घेऊन यायचे आणि माझ्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसायचे. पहिल्या दिवशी ताईंना नऊ मिनिटं वीस सेकंद लागले. मास्तरांनी ते जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे पन्नास सेकंद कमी करायचे?" ताईंनी मूठ सोडून दिली. बूट काढले, चाचपत पिशवीत घातले. "राहू द्या. उद्यापासून नको."

मास्तरांनी कशीबशी समजूत घालून दुसऱ्या दिवशी त्यांना आणलं. त्या दिवशी तर दोन सेकंद जास्तच लागले. मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं, मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, पाच सेकंद कमी!"

ताईंचा चेहरा खुलला. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. मी इथे ढळढळीत आकडा दाखवतोय आणि हा गृहस्थ खुशाल दुसराच वाचतोय! पण माझ्या तोंडाला चाकाच्या घरघरीपलीकडे शब्द नाही, त्यामुळे गप्प बसलो.

एकदा खोटं बोललं की रोज बोलावं लागतं. आज पाच कमी सांगितले तर उद्या सहा तरी सांगायला हवेत. बघता बघता मास्तरांचा आकडा आणि माझा आकडा यांची ताटातूट झाली. चाचणीच्या दिवशी बिचारे मास्तर काय करणार होते? मग त्यांनी एक अजब उद्योग सुरू केला. ताईंची खरी वेळच आपल्या खोट्या वेळेपर्यंत आणायची, असं त्यांनी ठरवलं.

ते कोचबाईंना गाठून गाठून विचारू लागले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की कापड मोजायचा लाकडी गज छातीशी धरून स्टुलावर वल्हवून बघायचे. इथे आले की ताईंच्या पाठीला हात लावून सांगायचे, "आधी पाय, मग कंबर, मग हात. परत जाताना आधी हात, मग कंबर, मग पाय, आणि घाई नाही. पुढे सरकताना श्वास घे, अगं, ती विश्रांतीच आहे." ताई आधी हातांनीच ओढायच्या, सगळे नवखे ओढतात तसं, आणि दंड भरून यायचे. आता त्यांनी पायांनी रेटायला सुरुवात केली. झटके कमी झाले, पण लांब झाले. काही दिवस सावकाश आणि लांबचं अंतर, काही दिवस छोटे जोरदार तुकडे, मध्ये दम घ्यायला वेळ. खरोखर वेळ कमी होत होती, मित्रांनो! फक्त मास्तरांचं खोटं पुढे पळत होतं आणि मास्तर धापा टाकत खऱ्याला त्याच्यामागे ढकलत होते.

पण फोनवरच्या हजार आवाजांतून माणूस ओळखणाऱ्या बाईला किती दिवस फसवणार? एके दुपारी ताई नेहमीसारख्या ओढायला लागल्या आणि मधेच त्यांनी गुपचूप जोर कमी केला. धाप मात्र मोठमोठ्याने टाकत राहिल्या. मला त्यांची खोडी लगेच कळली. पडद्यावर दोन मिनिटं एकतीस आलं, इतका वेग घसरला.

"किती?" ताईंनी विचारलं.

"दोन-आठ! झकास चाललंय!" मास्तर म्हणाले.

ताई थांबल्या. माझं चाक घरघरत हळूहळू गप्प झालं.

"अहो, गेले वीस झटके मी निम्म्या जोरानं ओढले. चाकाचा आवाज खाली आला. तुमचा काही आला नाही."

मास्तरांनी गळ्यातली मोजपट्टी काढून हातात घेतली.

"खरं किती आहे?"

"पूर्ण दोन हजार मीटरना, तुला वाटतंय त्यापेक्षा सतरा सेकंद जास्त."

"कधीपासून चाललंय हे?"

"दुसऱ्या दिवसापासून." मास्तरांचा आवाज पार खोल गेला होता. "तू बूट पिशवीत घातलेस ना, तो चेहरा मला पुन्हा बघवला नसता गं. म्हटलं, कापडात शिवणीला जास्तीची ठेवतो तशी थोडी माया ठेवू आणि नंतर जुळवून घेऊ."

"कापड तुमचं असेल, माप माझं होतं!" ताई कडाडल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "लहानपणापासून सगळे मला गोडच सांगत आले. छान गातेस, छान दिसतेस. खरं काय ते मला कधी कळलंच नाही. माझा पहिला ब्लाऊज शिवून देताना तुम्ही म्हणाला होता, डावी बाही चुकलीय, उद्या या. म्हणून तर तुमच्याशी लग्न केलं मी."

मास्तर मान खाली घालून मोजपट्टी गुंडाळत राहिले. मला वाटलं, आता बूट पिशवीत जाणार आणि हे दोघे मला पुन्हा दिसायचे नाहीत. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. पण ताईंनी बूट काढले नाहीत. उलट पट्टे आणखी आवळले.

"बसा खाली. पुन्हा करते. आणि वाईट असलं तर मोठ्यानं सांगा."

चाचणीला तीन आठवडे उरले होते. त्या तीन आठवड्यांत आमची खोली दणाणून गेली. मास्तर ओरडायचे, "वाईट!" मग, "अजून वाईट!" शेजारच्या यंत्रावरची मुलं खो खो हसायची. एकदा ताईही ओढता ओढता हसल्या आणि लय बिघडली, तर मास्तर म्हणाले, "आता तर फारच वाईट." एका दुपारी मात्र ते पडद्याकडे टक लावून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "बरं आहे." त्या दोन शब्दांवर ताई घरापर्यंत गुणगुणत गेल्या असतील, मला खात्री आहे.

चाचणीच्या दिवशी कोचबाई म्हणाल्या, "आकडे मी वाचते, ताई."

"नको. आमचे मास्तरच वाचतील."

कोचबाई घुटमळल्या. झालेला प्रकार क्लबभर पसरला होता. "पण ताई, मागे ते…"

"म्हणूनच. खोटं बोलताना यांचा आवाज कसा होतो, ते मला आता पाठ आहे."

कोचबाई हसून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पडदा फक्त मास्तरांना दिसत होता. ते नेहमीच्या जागी मांडी घालून बसले आणि ताईंनी ओढायला सुरुवात केली.

पहिले पाचशे मीटर भन्नाट गेले. "दोन-पाच. जरा जास्तच जोरात," मास्तर म्हणाले. दुसरे पाचशे अगदी हवे तसे गेले. मग तिसरे पाचशे आले. तिथे भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. ताईंचे पाय जड झाले, झटके आखूड झाले, खांदे वर चढले.

"दोन-अकरा," मास्तरांनी स्पष्ट सांगितलं. "वाईट. खांदे सोड. पायांनी रेट."

ताईंनी दात आवळले आणि पाय रेटले. माझी साखळी सणसणत होती. "दोन-नऊ. दोन-आठ. दोन-सात. शंभर मीटर. आता सगळं टाक!" ताईंनी सगळं टाकलं आणि त्या गुडघ्यांवर कोसळल्या.

"किती?" दारातून कोचबाईंनी विचारलं.

माझ्या पडद्यावर आठ मिनिटं एकतीस होतं.

मास्तरांनी तो आकडा पाहिला. त्यांच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसली. कोचबाई दाराशी होत्या. पडदा थोड्या वेळाने आपोआप विझतो. एक सेकंद, मित्रांनो! डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. त्यांनी ताईंच्या धापा टाकणाऱ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आठ-एकतीस. एक सेकंद जास्त झाला."

ताईंनी मान वर केली.

"नक्की?"

"नक्की गं."

ताई त्या आवाजाकडे कान देऊन क्षणभर थांबल्या आणि मग हसायला लागल्या. धापही लागलेली, त्यामुळे हसणं तुटत होतं. "मग एकच उरला की! पन्नास होते, आता एक उरला."

मास्तर मात्र रडत होते. कोचबाई जवळ आल्या, पडदा बघितला, मास्तरांकडे बघितलं. "साडेआठ म्हणजे साडेआठ, ताई. नियम बदलणार नाही. पण महिनाभर ती जागा मी कोणाला देत नाही."

पुढच्या महिन्यात ताईंना ती जागा मिळाली. किती सेकंद राखून, ते मास्तरांना विचारा, ते बरोबर सांगतील. पहिल्यांदा पाण्यावर जाऊन आल्या तेव्हा ताई नखशिखान्त भिजलेल्या होत्या आणि एका दमात इतकं बोलत होत्या की मास्तरांना मधे हूं म्हणायलाही जागा मिळाली नाही.

आता क्लबमध्ये मोठ्या पडद्यांची नवी यंत्रं आली आहेत. मला कोपऱ्यात सरकवलंय आणि माझ्या मुठीवर कोणी कोणी ओले टॉवेल वाळत घालतं. रागावत नाही मी. ऑपरेटरताई अजून माझ्यावरच बसतात, आणि मास्तर दुकानातल्या चिंधीने माझा रूळ पुसतात. माझं बरं चाललंय.

माझा तो अभिमान मात्र त्या दिवशी गळाला. आठ-एकतीस हा आकडा मीही दाखवला आणि मास्तरांनीही सांगितला. मला त्याचे काही कष्ट पडले नाहीत. त्यांचा जीव त्यात अर्धा झाला.

म्हणून, मित्रांनो, माझं थोडं ऐका. वापरून झाल्यावर घाम पुसत जा, साखळीला अधूनमधून थेंबभर तेल द्या, उगाच खटका दहावर नेऊन माझ्याशी भांडू नका. आणि कोणी धापा टाकत तुम्हाला "किती?" असं विचारलं, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा, पाठीवर हात ठेवा आणि मग जो असेल तोच आकडा सांगा. आकडा काय, मीही दाखवतो. जवळ बसणं मला जमत नाही.