थांबलेली नाडी

भूम गावच्या बाजारतळावरचा मांडव माणसांनी गच्च भरला होता. व्यासपीठावर प्राणेश्वर महाराजांची भस्त्रिका चालली होती, पोट भात्यागत हलत होतं. मग त्यांनी श्वास रोखला, डोळे मिटले. चेल्यानं माइकवरून सांगितलं की महाराजांचा प्राण ब्रह्मांडी चढलाय, कुणीही येऊन नाडी बघावी. बघणारे मनगट धरत, नाडी लागत नसे, आणि तिथंच पायावर डोकं ठेवत. ज्याच्या हुकमानं नाडी थांबते, त्याच्या शब्दानं दमा का पळणार नाही?

ह्याच विश्वासानं अयोध्याबाईंच्या श्रीमंत नावाच्या धाकट्या भावानं मागच्या शिबिरात दम्याचा पंप महाराजांच्या पायाशी टाकला होता. पंप म्हणजे कुबडी, अनुलोम-विलोम पुरे, असं महाराज म्हणाले होते. पुढच्याच महिन्यात दवाखान्याच्या वाटेवर, रिक्षात, बहिणीच्या मांडीवर तो तडफडून गेला.

अयोध्याबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या रडल्या नाहीत. मोबाइलवर शिबिराचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसल्या. नाडी थांबण्याआधी महाराज दरवेळी दंड बरगड्यांना घट्ट आवळायचे. बाईंनी घरातला रबरी चेंडू काखेत धरून दाबला. त्यांच्याही मनगटातली नाडी गेली.

आज त्या पायऱ्या चढून वर गेल्या, नमस्कार केला, महाराजांचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताची बोटं गळ्याला लावली.

"मनगटात नाडी न्हाय," त्या चेल्याच्या हातातल्या माइकवर म्हणाल्या, "पण गळ्यात धडधड चाललीय."

आणि त्यांनी हात झटकन वर ओढला. कफनीतून चेंडू पडला, घरंगळत पहिल्या रांगेत गेला. काखेत चेंडू दाबला की हाताकडं जाणारी रक्तवाहिनी दबते आणि मनगटातली नाडी लागत नाही, एवढंच ते गुपित, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

"आता हात वर करून श्वास रोखा, महाराज. थांबवा नाडी."

लोकांनीही तेच लावून धरलं. महाराजांनी हात वर केले. नाडी चालूच राहिली. चेहरा लाल झाला, मग काळानिळा, आणि शेवटी तोंड वासून ते हवेसाठी धापा टाकू लागले. अयोध्याबाईंना ते तोंड ओळखीचं वाटलं. ही धाप आणखी लांबावी असं त्यांना वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

माणसं चपला घेऊन उठली, तशा त्या आडव्या आल्या.

"मारू नका. मारलं तर लोकांस्नी त्याची कीव येईल. मला ह्यो कोर्टात उभा पायजे."

बंदोबस्तावरच्या पोलिसांनी महाराजांना गाडीत घातलं. तोवर त्या माइक धरून उभ्या होत्या.

"प्राणायाम करा. मन निवतं, श्वासाला शिस्त लागते. मीही करते. पण दम्याचं औषध डॉक्टरला विचारल्याबिगर सोडू नका. कुणी सोडा म्हणलं, तर आधी पुरावा मागा. माझ्या भावानं मागितला न्हाय."