आवाज माझा, श्वास अल्माबाईंचा

या मित्रांनो, जरा जवळ सरका. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

मी एक जुने टेबल आहे. डेव्हनपोर्टच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका लहानशा गावात, चर्चसमोरच्या दवाखान्यात माझे आयुष्य गेले. पाठीचे मणके हातांनी बसवणारे डॉक्टर ऑर्विल टाडेन माझे मालक. रोगी माझ्यावर पालथा झोपे. माझी एक फळी बोटभर उचलून ठेवलेली असे. डॉक्टरांनी पाठीवर दाब दिला की ती खाली आदळे, खट्! बाहेर बसलेली माणसे एकमेकांना सांगत, "ऐकलंत? बसला मणका." प्रत्यक्षात ते फक्त माझे लाकूड वाजत असे. पण कौतुक कुणाला नको असते? मीही फुशारून जाई.

अल्माबाई हॅगडॉर्न चर्चमध्ये गात. रविवारी खिडकीतून त्यांचे स्तोत्र आत आले की माझ्यावर मढवलेल्या जुन्या कातड्यालाही देव जवळ आल्यासारखे वाटे. त्यांची कंबर धरली होती, ती इथे मोकळी झाली. हे मात्र खरे आहे. त्यांनी आंबट रुबार्बचे गोड सारण भरलेला 'पाय' भाजून आणला. मग डॉक्टरांना धीर चढला. दारावरच्या पाटीवर 'पाठदुखी'खाली दमा आला, रक्तदाब आला, मधुमेहही आला. अल्माबाईंना दमा होता, त्यासाठीही त्या येऊ लागल्या. माझ्यावरून उठताना त्यांना हलके वाटे. म्हणून त्यांनी दम्याच्या औषधाचा फवारा कपाटात टाकला.

मक्याची कापणी सुरू झाली, हवेत धूळ भरली. एके सकाळी त्या धापा टाकत आल्या आणि पालथ्या झोपल्या. डॉक्टर हात पुसत होते. तेवढ्यात अल्माबाईंना खोकला आला, माझी झिजलेली खीळ सुटली आणि फळी पडली. खट्!

"हां, आता मोकळं झालं," अल्माबाई म्हणाल्या. "तुझा हात लोण्यासारखा आहे रे ऑर्विल. कळलंसुद्धा नाही."

डॉक्टरांच्या हातात अजून टॉवेलच होता. गप्प राहिले असते तर कुणाला काय कळणार होते? पण त्यांनी अल्माबाईंच्या पर्समधली, श्वासाचा जोर मोजायची काट्याची नळी मागून घेतली आणि फुंकायला सांगितले. काटा तळाशीच राहिला.

"अल्माबाई, मी अजून हातच लावलेला नाही."

"म्हणजे? इतके दिवस मग काय करत होतास?"

"कंबरेचं मी केलं असेल. श्वासाचं नाही. मी कधी मोजूनच पाहिलं नाही."

डॉक्टरांनी स्वतः गाडी काढली आणि त्यांना इस्पितळात नेले. त्या वाचल्या, देवाची दया. फवारा आता गाण्याच्या झग्याच्या खिशात असतो. पण नाताळात स्तोत्रातला उंच स्वर आला, तेव्हा अल्माबाईंचा श्वास पुरला नाही, शेजारच्या बाईने तो उचलला. खिडकीतून मी ऐकले. माझ्याजवळ मान असती तर मी ती खाली घातली असती.

पाटीवर आता फक्त 'पाठदुखी' उरले आहे. डॉक्टरांनी माझ्या फळीखाली लोकरीची जाड पट्टी ठोकली. मी वाजत नाही, गर्दीही ओसरली. अल्माबाई कंबर दुखली की येतात, डॉक्टरांना जुन्याच मायेने हाक मारतात. त्या मायेचीच मला जास्त लाज वाटते.

मित्रांनो, बरे वाटले म्हणून कुणी औषध दूर ठेवू लागले, तर आधी काटा बघायला सांगा. आणि त्या वेळी माझ्या 'खट्'ची नको, अल्माबाईंच्या त्या उंच स्वराची आठवण ठेवा.