घरी घडवलेल्या इंजिनाची कैफियत

मित्रांनो, इंजिन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर धूर आणि शिट्टी येत असेल. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी एक जुनं गेम इंजिन आहे. तुमच्या कॉम्प्युटरवरच्या खेळातला माणूस भिंतीला धडकला की थांबतो, दिव्याखाली आला की त्याची सावली पडते. हे सगळं आपोआप होतं असं वाटतं ना तुम्हाला? आपोआप काही होत नाही बरं. पडद्यामागे माझ्यासारखं कुणीतरी राबत असतं. आता मी राबत नाही. कपाटावर टाकलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये नुसता पडून आहे, आणि पडल्या पडल्या एकच गोष्ट आठवत राहतो.

मला दादाने घडवलं. दादा आणि त्याची धाकटी बहीण घराच्या मागच्या खोलीत बसून खेळ बनवायचे. दादा कोड लिहायचा, धाकटी चित्रं काढायची. पुढच्या खोलीत त्यांच्या आईचं शिवणकामाचं दुकान होतं. होतं म्हणायचं, कारण आईची नजर कमी होत चालली होती आणि तिने मशीनवर आच्छादन घालून ठेवलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, नजरेचा मधला भाग हळूहळू जाईल, कडेचं तेवढं दिसत राहील.

तेव्हा धाकटीच्या मनात आलं, आईच्या दुकानाचाच खेळ करायचा. आईची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाने कापड आणलं की कात्री लावण्याआधी ती ते कोपऱ्याला धरून उंच करायची आणि टेबलावर सोडून द्यायची. कसं पडतं ते बघायची आणि मगच सांगायची, याचा झगा होईल, याला अस्तर लागेल, याचे आपले पडदेच करा. अख्खा खेळ त्या एका पडण्यावर उभा राहणार होता. आईला दिसतंय तोवर तो पुरा करून तिच्यासमोर ठेवायचा, एवढाच धाकटीचा ध्यास होता.

"तयार इंजिन घेऊ या," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. तिने एक मुक्त इंजिन शोधून ठेवलं होतं. फुकट होतं, त्याचा कोड कुणालाही उघडून बघता यायचा, बदलता यायचा, आणि कुठकुठली माणसं मिळून त्याची डागडुजी करायची.

दादाने मान हलवली. त्याला आधी एकदा चांगलाच फटका बसला होता. जुन्या नोकरीत त्यांनी विकतच्या इंजिनावर खेळ बनवला, इंजिनाच्या मालकांनी मध्येच अटी बदलल्या आणि तयार खेळ बासनात गुंडाळावा लागला. "पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही," तो म्हणाला. "शिवाय आई टाकते तसं कापड त्यात पडतच नाही. मी बघितलंय. पुठ्ठा टाकल्यासारखं पडतं."

"ते इंजिन एका मालकाचं होतं, दादा. हे सगळ्यांचं आहे. उद्या कुणी कुलूप लावलं तरी आपल्याकडची प्रत आपल्याकडेच राहील. आणि कापड आवडत नसेल तर तेवढं तू लिही आणि त्यात बसव. कोण अडवतंय तुला?"

किती सरळ बोलली होती पोरगी. पण दादा हट्टाला पेटला होता. असा माझा जन्म झाला.

माझे लाड काय सांगू. दादा आईच्या पेटीतून चिंध्या मागून आणायचा, टेबलावर टाकून बघायचा आणि जसंच्या तसं माझ्यात उतरवायला बसायचा. जेवायला बोलावलं तरी उठायचा नाही. धाकटी वैतागून मला लाडोबा म्हणायला लागली, आणि तेच नाव मला चिकटलं. शेवटी एकदाचं माझं कापड मनासारखं पडलं, तेव्हा दादाने आईला बोलावलं. ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बसली. पडद्यावर एक टेबल आणि एक कापड, बाकी काही नाही.

"परत टाक," आई म्हणाली. दादाने परत टाकलं. "सुती आहे. धुतल्यावर आटेल, गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेव."

दादाचा ऊर भरून आला. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू.

मित्रांनो, तिथेच थांबला असता तर किती बरं झालं असतं. पण कापड जमलं म्हणून त्याने माझ्या सावल्या लिहायला घेतल्या, सावल्या झाल्या म्हणून उन्हातली धूळ. कोण बघणार होतं ती धूळ? आणि दर वेळी तो माझी आतली मांडणी मोडून नव्याने करायचा. मांडणी बदलली की धाकटीने आधी सजवलेलं दुकान मला ओळखूच यायचं नाही. मग ती बिचारी रिळं, हँगर, खडू, आरसा, सगळं पुन्हा जागच्या जागी लावत बसायची. "दादा, दुकान परत बंद पडलं," ती सांगायची. "आता शेवटचंच," तो म्हणायचा. "एकदा मुळापासून नीट झालं की चिंता नाही." या 'मुळापासून'नेच घात केला.

एका सुट्टीच्या दिवशी आईला दुकान दाखवायचं ठरलं. तिने केस विंचरले, चष्मा दोनदा पुसला आणि येऊन बसली. आदल्या संध्याकाळी दादाला माझ्या दिव्यांचा उजेड पिवळा वाटला होता आणि तो सुधारायला त्याने पुन्हा मांडणी हलवली होती. सकाळी मी सुरू झालो आणि पडदा काळाच्या काळा. दादा घाम पुसत बटणं दाबत राहिला. आई हात मांडीवर ठेवून बराच वेळ बसली.

"असू दे रे, मी कुठे पळून चाललेय," ती म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत उठून गेली.

धाकटी ओरडली नाही. तिने आपली चित्रं माझ्याकडून काढून घेतली. "मी ते दुसरं इंजिन घेतेय. कापड कसं का पडेना, दुकान उघडलं पाहिजे."

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात तिचं काम सुरू झालं. कुठे अडलं की ती विचारायची, आणि तिचा चहा संपेपर्यंत कुठल्याशा अनोळखी माणसाचं उत्तर आलेलं असायचं. मला हेवा वाटायचा. मी अडलो तर मला ओळखणारा एकटा दादा, आणि अर्धा कोड आपण असा का लिहिला हे त्यालाही आठवायचं नाही.

दुकान उघडलं. छान उघडलं. फक्त तोवर डॉक्टरांचं म्हणणं खरं झालं होतं. आई पडद्यासमोर बसली, मान वाकडी करून कडेच्या नजरेने चाचपत राहिली, आणि परक्या घरात विचारावं तसं अदबीने तिने विचारलं, "कुणाचं दुकान आहे हे?"

"तुझंच आहे, आई," धाकटी म्हणाली.

"हो का? मग छानच केलं असशील."

दादा दारातून मागच्या मागे फिरला.

मग त्याने माझ्यातलं कापड काढलं आणि त्या मुक्त इंजिनात सगळ्यांसाठी बसवलं. महिनोन्महिने लागतील असं तो नेहमी म्हणायचा. आठवड्याभरात झालं. आज कुणाच्या खेळातलं शीड आणि कुणाच्या खेळातले पडदे माझ्या कापडासारखे पडतात, लोक आभार मानतात. अभिमान वाटायला हवा. मला तो आठवडा आठवतो. तो आधी का नाही काढला त्याने?

ते कापड बसवलं त्या दिवशी दादाने आईला पुन्हा खुर्चीत बसवलं. तिचा हात माउसवर ठेवला, वर आपला हात ठेवला.

"आता कापड सोडलं, आई."

"कसं पडतंय?"

दादा पडद्याकडे वाकला. "जड पडतंय. घड्या दाट आहेत."

"मग अस्तर नको," आई म्हणाली. "तू बघतोयस ना नीट? झालं तर."

मित्रांनो, इंजिन घडवायला ना नाही. शिकायला घडवा, हौसेने घडवा. पण कुणी तुमच्या खेळाची वाट बघत बसलं असेल, तर जे तयार आहे आणि सगळ्यांचं आहे ते आधी हातात घ्या, आणि त्यात काय कमी आहे तेवढंच आपलं घाला. माझ्यासारखं इंजिन पुढेही केव्हाही घडवता येतं. आईला दुकान दाखवायचं राहिलं, ते राहूनच गेलं.