नवरंगाचा उत्तररंग

आमच्या अल्बमात बारमाही हिवाळा होता. थिरथिऱ्या पक्षी होता, शेपटी हलवणारा धोबी होता, पेरूवरचे पोपट होते, शेवंतीच्या वाफ्यात लोळणारी आमची काळी मांजर बुक्की होती. मोगरा मात्र एकाही पानावर नाही. संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झाला, तेव्हा राजधानी दोन गावांत वाटली गेली. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. चैत्र आला की कचेरीची दप्तरं निघायची आणि त्यांच्यामागे कॅमेऱ्यासकट आमचे हे. परतायचे ते दसऱ्याच्या पुढेमागे. लेकीच्या शाळेपायी मी ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या घरीच.

कीर्तनाचा पूर्वरंग संपला, सगळ्यांना बुक्का लावून झाला आणि आख्यानाला सुरुवात व्हायच्या आतच कुणी उठून गेलं तर कसं? तसा आमचा अल्बम. आणि नवरंग पक्षी यायचा तो नेमका उत्तररंगात.

आषाढात तो आमच्या कडुनिंबाखाली पाला उकरत हिंडायचा. हिरवी पाठ, पंखावर निळं, डोळ्यांवर काळी पट्टी आणि शेपटीखाली कुणी बोट टेकवल्यासारखं कुंकू. सकाळ-संध्याकाळ दोन सुरांत शीळ घालायचा, "वी-ठू". मला तरी तसंच ऐकू यायचं.

यांना सांगितलं की हसायचे. "अगं, खंड्या असेल. निळं दिसलं की तुझा नवरंग!"

"आणि विठू म्हणतो तो?"

"तुला तर विहिरीचा रहाटही विठू म्हणतो."

खोटं बोलतेस असं कधी म्हणाले नाहीत. पण हसून सोडून देणं जास्त लागतं.

छप्पन्न साली कळलं की कार्तिकापासून राज्य नवं, राजधानी भोपाळ. आता अर्धं-अर्धं नाही, बिऱ्हाडच हलणार. म्हणजे नवरंग यांना दाखवायचा तर याच पावसाळ्यात. चैत्रात यांची ट्रंक भरताना मी म्हटलं, "यंदा डबा कॅमेरा ठेवून जा."

"ठेवतो. पण हात हलू देऊ नकोस हं. आणि ऊन पाठीशी घे."

शेजारच्या सुधाताईंना कळलं तेव्हा त्या कुंपणावरून म्हणाल्या, "नवरंगाचा फोटो काळ्यापांढऱ्यात? मग वहिनी, उरले किती रंग?"

"दोन उरले तरी पुरे. यांना पटलं म्हणजे झालं."

आषाढ लागला, नवरंग आला. मी न्हाणीघराच्या आडोशाला मांडी घालून बसले. बसायचं मला कुणी शिकवायला नको. दाणाओळीतल्या देवळात बुवांचं आख्यान कितीही रंगू दे, मी मांडी मोडत नाही. बुक्कीला आत कोंडली होती, ती दारामागून शिव्याच देत होती. पक्षी कवडशात आला, मान वर केली आणि म्हणाला, "वी-ठू!" मी खटका ओढला.

रोल सराफ्यातल्या फोटोवाल्याकडे दिला. त्यानं फोटो पुढे ठेवले आणि डोकं खाजवत विचारलं, "बहनजी, भूचाल आया था क्या?"

सगळी बाग वाहून गेल्यासारखी दिसत होती. घरी येऊन लेकीला विचारलं, "राजू, माझा हात हलतो का गं?"

"हात नाही आई, तू पूरी हिलतेस! तो बोलला की तुझी मान सुरू. कीर्तनात करतेस तशी."

आता याला काय करावं? जन्माची सवय. नाम कानावर पडलं की मान डोलणारच, आणि ती थांबवावी असं मला मनापासून वाटेना. मग दुसरा रोल आणला. चौरंगावर पाट, पाटावर कॅमेरा, वर वजन म्हणून उशाला घ्यायची विटेएवढी लाकडी ठोकळी. कॅमेरा स्थिर, मी मोकळी. तो ओरडला, मी डोलले, बोटानं खटका तेवढा ओढला.

दसऱ्याला हे आले. चहासुद्धा न घेता भिंग घेऊन बसले. फोटोत पक्षी पाठमोरा होता, उकरलेल्या पाल्यात, सुपारीएवढा.

"याला शेपूट कुठंय?"

"इतकंच असतं. आखूड."

"हं." भिंग खाली-वर झालं. "खंड्या जमिनीवर पाला कशाला उकरेल?"

"मी तेच म्हणत होते."

यांनी भिंग खाली ठेवलं. मग हललेला फोटो उचलून विचारलं, "हा काय प्रकार?"

"तो ओरडला."

"बरं, मग?"

"मी डोलले."

हे हसले, पण या वेळी ते लागलं नाही. "कसा ओरडतो? कर बघू." मी गळ्यातून काढून दाखवलं. पुन्हा करायला लावलं. मग डिंक आणवून दोन्ही फोटो अल्बमात लावले, हललेला आधी.

भोपाळचं क्वार्टर नवं, मागे नुसतं माळरान आणि एक बाभूळ. पहिलं वर्ष मला देऊळ सापडेना, कीर्तन सापडेना. आषाढात एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. मागच्या व्हरांड्यातून यांची हाक आली, दबक्या आवाजात.

"अगं, कॅमेरा घेऊन ये. हळू. विठू म्हणतोय कुणीतरी."

मी पिठाच्या हातांनीच डबा कॅमेरा उचलून धावले. हे आरसा सोडून कठड्याशी उभे होते, अर्ध्या गालावर साबण तसाच. मी कॅमेरा पुढे केला, पण यांनी घेतला नाही. बाभळीखालून पुन्हा शीळ आली आणि साबण लावलेलं ते तोंड हळूहळू डोलायला लागलं.