फलक बँकेचा, बोल गावाचे

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडायचे असेल तर खुशाल मुरडा. माझा रंग उडाला आहे, एका कडेला गंज धरला आहे आणि उन्हाळ्यात सरोवरावरचे पक्षी माझ्या डोक्यावर बसून काय करतात, ते मी सांगत नाही. पण मी कुणाची दया मागायला बसलेलो नाही. मी ओटर लँडिंग या सरोवराकाठच्या गावातल्या बचत बँकेचा फलक आहे. होतो म्हणा हवे तर. ते कसे, तेच सांगतो.

गावातली तांब्याची खाण बंद पडली, त्या वर्षी खाणीच्याच कारखान्यात माझा जन्म झाला. याल्मर नावाच्या वेल्डरने उरलेल्या पत्र्यातून मला घडवले. त्याने माझ्या दोन्ही अंगांना आडव्या खाचा पाडल्या. त्या खाचांत पत्र्याची लाल अक्षरे बसवायची आणि वाक्य तयार करायचे. अक्षरे वर चढवायला आकडा लावलेली एक लांब काठी होती. नोकरी गेलेल्या लोकांनी आपली पुंजी कुठेतरी उधळू नये, म्हणून बँकेने मला रस्त्याकडेला उभे केले. टेकडीकडे जाणाऱ्यांना माझी पैशाची बाजू दिसे आणि सरोवराकडे उतरणाऱ्यांना तब्येतीची. दर नव्या वर्षाला दोन्ही बाजूंवर एकेक सल्ला लागायचा.

तो सल्ला कुणी साहेब ठरवत नसे. आयली कांगास नावाची बाई बँकेच्या खिडकीत बसायची. डिसेंबरभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "बोला, यंदा फलकावर काय लावू?" मग लोक सांगायचे. एका वर्षी पैशाच्या बाजूला लागले, 'बर्फ उपसायचे यंत्र शेजाऱ्यांत मिळून घ्या.' दुसऱ्या बाजूला लागले, 'छतावर एकट्याने चढू नका.' एका वर्षी नुसतेच, 'लॉटरीपेक्षा लोकरी मोजे बरे.' कधी एखादे अक्षर कमी पडायचे, मग आयली पुठ्ठ्याचे कापून रंगवायची आणि पहिल्या वादळात ते उडून जायचे. लोक हसायचे. पण हसता हसता ऐकायचेही, बरे का. सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, तापवली की शेजाऱ्याला हाक मारा, असे मी सांगितले, त्या हिवाळ्यात वर्षानुवर्षे अबोला धरलेले दोन भाऊ एका फळीवर घाम गाळत बसले होते. त्याचे श्रेय मला कुणी दिले नाही. मी मात्र ते घेतलेले आहे.

माझे सर्वांत जास्त ऐकायचा तो आर्मस. खाणीत राबून म्हातारा झालेला, बायको गेल्यापासून एकटाच राहणारा. रोज सकाळी तो माझ्यासमोर उभा राहून मला मोठ्याने वाचायचा, जणू मीच बहिरा आहे. मग रस्ता ओलांडून ग्वेन ट्रेगियरच्या दुकानात जायचा. ग्वेन कॉफी करायची आणि मांस-बटाट्याचे सारण भरलेल्या पास्ट्या भाजायची. खिडकीजवळच्या टेबलावर आर्मस आणि त्याच्यासारखेच आणखी काही जण दुपार होईतो बसायचे. एका कपावर किती वेळ बसता, म्हणून ग्वेन त्यांना रोज ओरडायची आणि रोज कप पुन्हा भरायची.

मग आमची बँक दक्षिणेकडच्या शहरातल्या एका मोठ्या बँकेने विकत घेतली. ट्रेंट नावाचा तरुण व्यवस्थापक आला. मुलगा वाईट नव्हता. दार उघडून धरायचा, सगळ्यांशी हसून बोलायचा. पण डिसेंबर आला तरी आयलीने कुणाला काही विचारले नाही, कारण यंदाचे सल्ले वरून छापून आले होते. प्रत्येक शाखेला तेच.

पैशाच्या बाजूला लागले, 'बाहेरची कॉफी सोडा. वर्षभरात श्रीमंत व्हा.'

तब्येतीच्या बाजूला लागले, 'नाही म्हणायला शिका.'

आयलीने ती अक्षरे लावली खरी, पण अशी आदळून लावली की माझ्या खाचा अजून दुखतात. मित्रांनो, मला लाज वाटली का? नाही. मला राग आला. मी पत्र्याचा आहे, पण ज्या गावात कॉफीचे एकच दुकान आहे आणि तेही माझ्या नाकासमोर, तिथे मला असे बोलायला लावणे हा शुद्ध आचरटपणा होता. पण अक्षरे निवडायचा हक्क फलकाला नसतो. मी ते मुकाट्याने दाखवत राहिलो.

आर्मस आला. त्याने मला मोठ्याने वाचले. मग पुन्हा वाचले. ग्वेनच्या खिडकीकडे पाहिले, टोपी कानावर ओढली आणि घरी परत गेला.

तो माझे ऐकायचा ना. आजवर ऐकून त्याचे कधी नुकसान झाले नव्हते.

काही दिवसांनी ग्वेनने त्याला फोन केला. ती ही गोष्ट नंतर साऱ्या गावाला सांगायची. "अरे, आहेस कुठे? तुझ्याशिवाय हे बाकीचे हवेबद्दल खोटं बोलतायत आणि त्यांना अडवायला कुणी नाही."

"येत नाही," आर्मस म्हणाला.

"का? पाय मोडलाय?"

"नाही. बँक म्हणते, नाही म्हणायला शिका. शिकतोय." आणि त्याने फोन ठेवला.

ग्वेन चिडली. मग दुसरेही एकेक करून यायचे थांबले. कुणी पैसे वाचवायला, कुणी आर्मस नाही म्हणून. खिडकीजवळचे टेबल रिकामे पडले. ग्वेन शनिवारी दुकान बंद ठेवू लागली, मग सोमवारीही. मी समोरून सगळे पाहत होतो आणि माझ्या अंगावर ते वाक्य लटकत होते.

जानेवारी संपता संपता हाडे गोठवणारी थंडी पडली. एके दिवशी दुपारी ग्वेनचा राग अनावर झाला. तिने एक गरम पास्टी फडक्यात गुंडाळली आणि आर्मसला चार शब्द सुनावायला त्याच्या घरी गेली. दार उघडेच होते. चुलीवर कॉफीचे भांडे होते, विझलेल्या चुलीवर. आर्मस घरात नव्हता. तो मागच्या लाकडांच्या खोपटात पडलेला होता. सकाळीच सरपण आणायला गेला, दारातल्या बर्फावरून घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. हाका मारून त्याचा आवाज बसला होता. एरवी नऊ वाजता तो दुकानात दिसला नसता, तर सव्वानऊला कुणीतरी त्याच्या दारात उभे असते.

ग्वेनने आपला कोट त्याच्यावर टाकला. बसलेल्या आवाजात तो म्हणाला म्हणे, "पास्टी फुकट आहे ना? नाहीतर नको."

तो वाचला, मित्रांनो. खुबा दुरुस्त झाला. पायाची दोन बोटे मात्र थंडीने गेली.

दुसऱ्या दिवशी ग्वेन एप्रनसकट रस्ता ओलांडून बँकेत शिरली. दार तिने लोटले ते उघडेच राहिले, त्यामुळे मला आतले सगळे ऐकू आले.

"आयली," ती म्हणाली, "तुझ्या बँकेला विचार जरा. आर्मसच्या पायाची दोन बोटं गेली, ती कुठल्या खात्यात जमा करायची?"

ट्रेंट आपल्या खोलीतून बाहेर आला. "बाई, झालं ते फार वाईट झालं. पण कॉफी पिऊच नका, असं आम्ही म्हटलं नव्हतं. घरी करून प्या, एवढाच अर्थ होता."

"घरीच केली होती त्यानं! भांडं बघून आले मी. पण त्या भांड्यानं काही मला फोन केला नाही, की बाई, हा माणूस बर्फात पडलाय, पळ!"

आयलीने आपली खिडकी बंद केली, कोपऱ्यातली लांब काठी उचलली आणि बाहेर आली. तिने आकड्याने माझ्यावरचे एकेक अक्षर काढून खाली टाकायला सुरुवात केली. ट्रेंट कोट न घालताच तिच्यामागे धावला.

"आयली, थांबा! अहो, हे वरून आलेलं आहे!"

"वरून तर बर्फही येतो," आयली म्हणाली. "तो आपण उपसतोच ना? बाजूला हो, 'श्रीमंत' तुझ्या डोक्यात पडेल."

तिने नवी वाक्ये लावली. एका बाजूला, 'चारचौघांत कॉफी प्या. कोण आले नाही ते बघा.' दुसऱ्या बाजूला, 'मदत मागायला लाजू नका.'

माझ्या आयुष्यात अक्षरे इतकी हलकी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मजा झाली. कुणी ठरवले ते आजतागायत कळलेले नाही. ग्वेनच्या दुकानातून हातात कॉफीचा कप घेतलेली माणसे एकामागून एक निघाली आणि बँकेत जाऊन उभी राहिली. म्हातारे आले, शाळेची बस चालवणारी बाई आली, मासेमारी करणारे आले, ते अबोला सोडलेले दोन भाऊही आले. ट्रेंट गडबडला.

"काय सेवा करू आपली?" त्याने बसवाल्या बाईला विचारले.

"काही नाही. तू आलायस की नाही, ते बघायला आले. आलायस. छान."

तिच्या मागचा म्हणाला, "मी पण त्याचसाठी." त्याच्या मागचाही तेच म्हणाला. मग एकाने ट्रेंटच्या हातात कप दिला. "घे. थंडी आहे. आणि घरी एकटा असतोस ना? छतावर चढू नकोस."

ट्रेंटने तो कप घेतला. त्यावर दोन्ही हात शेकले. त्या गावात आल्यापासून त्याला घरच्यासारखे कुणी काही सांगितले नव्हते, असे मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटले.

पण बातमी शहरात पोहोचली. दुपारी फोन आला आणि ट्रेंटचे "हो मॅडम, हो मॅडम" दारापर्यंत ऐकू आले. फोन ठेवून तो आयलीसमोर बसला.

"त्यांचं म्हणणं आहे, चुकून लागलं असं म्हणा, म्हणजे विषय संपला. एवढंच म्हणा ना, आयली. मी पाया पडतो."

"चुकून? नीट बघून लावलंय मी. एक अक्षर वाकडं बसलं होतं, ते पुन्हा काढून सरळ केलंय."

"नोकरी जाईल."

"जाईल. भीती वाटतेच मला, दगड नाहीये मी. पण उद्या आर्मस बरा होऊन या दारातून आला, तर त्याच्याकडे बघून मी काय म्हणू? चुकून?"

तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, कोट घातला आणि काठी बरोबर घेऊन बाहेर पडली. काठी बँकेची आहे, असे ट्रेंट म्हणू शकला असता. तो म्हणाला नाही.

माझ्या नशिबी मात्र भंगार आले. माझ्या जागी अक्षरे झळकवणारा विजेचा पडदा लावायचे ठरले. बर्फ वितळू लागल्यावर ट्रक आला, दोन माणसांनी माझे पाय कापले आणि मला आडवे केले. मित्रांनो, मी आयुष्यात प्रथमच आभाळ सरळ पाहिले. ते मला मुळीच आवडले नाही.

माणसे मला ट्रकवर चढवणार, तेवढ्यात ग्वेन रस्त्याच्या मध्यावर येऊन उभी राहिली. शेजारी आयली होती आणि कुबड्यांवर आर्मस.

"कुठं नेताय याला?"

"भंगारात," ट्रकवाला म्हणाला. "मला तेच सांगितलंय."

सगळ्यांनी ट्रेंटकडे पाहिले. तो दारात उभा होता. त्याने खिशातला फोन काढला, त्याच्याकडे पाहिले आणि परत खिशात घातला.

"मला सांगितलंय, बँकेच्या जागेतून हलवा," तो सावकाश म्हणाला. "कुठपर्यंत हलवा, ते सांगितलेलं नाही. रस्त्यापलीकडची जागा बँकेची नाही."

"मग धरा की एक बाजू!" आर्मस ओरडला. त्याचा आवाज पूर्ण परत आला होता. "मी धरली असती, पण माझे हात गुंतलेत!"

ट्रेंटने खरोखर एक बाजू धरली. त्याच्या चांगल्या कोटाला माझा गंज लागला. त्यांनी मला ग्वेनच्या दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकले, अगदी बँकेच्या तोंडासमोर.

माझी एक बाजू भिंतीला गेली. ती कायमची गेली, त्याचे दुःख नाही असे मी म्हणणार नाही. आता पैसा आणि तब्येत एकाच बाजूवर बसवावी लागतात. आयलीला ते जमते. तिला दुसरी नोकरी मिळायला फार वेळ लागला, मिळाली तीही कमी पगाराची आणि लांबची. तरी दर नव्या वर्षाला ती येते, टेबलाटेबलाशी जाऊन विचारते आणि भांडणे सोडवून एक वाक्य ठरवते.

समोर बँकेचा विजेचा पडदा झगमगतो. दर काही क्षणांनी त्याचा सल्ला बदलतो. मोठ्या पगाराची माणसे त्याला शब्द पुरवतात. ट्रेंटची बदली झाली, दुसरा आला, त्याच्याही खोलीच्या खिडकीतून मीच दिसतो. मला झाकायला त्याने खिडकीला कापडी पडदे लावून पाहिले. खोलीत अंधार होतो, म्हणून त्याला ते उघडावे लागले. बघ म्हणावे आता.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी माझ्यासारखे जुने लोक काळजी घ्या म्हणून विनवतात. मी विनवणी करत नाही. मला रंग नाही दिला तरी चालेल, गंज पुसला नाही तरी चालेल. पण तुमच्या गल्लीतही कुणीतरी रोज ठरल्या वेळी दिसणारा माणूस असेल. तो आज दिसला नाही, तर कुठल्याही फलकाने सांगायची वाट पाहू नका. उठा, आणि त्याचे दार वाजवा. तो नको म्हणाला, तरी वाजवा.